लाकडातून उमटलेले जलरंग

योशिदा हिरोशी या जपानी चित्रकाराने १९२६ साली सेतोच्या आतल्या समुद्रातल्या शिडाच्या होड्यांचं एक चित्र केलं आणि ते सहा वेगवेगळ्या वेळांचं म्हणून छापलं: सकाळ, चढतं ऊन, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. होड्या त्याच, शिडांच्या घड्या त्याच, लाकडाचे ठसेही तेच. बदलले ते रंग, आणि रंगांबरोबर सगळी हवाच बदलली. सकाळच्या प्रतीत पाण्यावर उन्हाची पिवळी झळाळी आहे, धुक्याच्या प्रतीत मागच्या होड्या विरत गेल्या आहेत, रात्रीची प्रत निळ्या काळोखात बुडाली आहे. पहिल्यांदा पाहणारा माणूस ही चित्रं जलरंगातली समजतो. रंग कागदात मुरलेला, आकाश वरून खाली हलकेच फिकं होत गेलेलं, उजेडाच्या जागी कागदाचा पांढरेपणा तसाच राखलेला. प्रत्यक्षात या कागदांवर कुंचला कुठेच फिरलेला नाही. तरीही त्यांना जलरंग समजणारा माणूस फारसा चुकत नाही, असं माझं मत आहे.

जपानी निसर्गचित्रांचा इतिहास सांगताना जलरंग आणि लाकडी ठसा यांची दोन वेगळी दालनं मांडायची पद्धत आहे. जलरंग इंग्रजांकडून शिकलेले, ठसा घरचा. जलरंग एकट्या चित्रकाराचे, ठसा कारागिरांच्या चमूचा. हे खरं असलं तरी अपुरं आहे. दोन्हींत रंग वाहून नेणारं पाणीच आहे. जलरंगात ते कागदावर मोकळं सुटतं आणि चित्रकार त्याच्या मागे धावतो. ठशात तेच पाणी आधी लाकडावर आवरायचं असतं, आणि ते कुठे थांबेल हे चित्र छापण्याच्या कितीतरी दिवस आधी ठरवावं लागतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जपानमध्ये जी अप्रतिम निसर्गचित्रं तयार झाली, ती या दोन पद्धतींच्या भेटीतून झाली.

आधी ठशाचं तंत्र नीट पाहायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. युरोपात छपाईची शाई तेलकट असते आणि दाब यंत्राचा असतो. जपानी पद्धतीत शाई पाण्यातली आणि दाब हाताचा. चेरीच्या लाकडाच्या फळीवर जो भाग छापायचा तो उठावाने ठेवून बाकीचं लाकूड पटाशीने काढून टाकतात. पाण्यात कालवलेला रंग त्या उठावावर घालतात, त्यात थोडी तांदळाची खळ मिसळतात आणि ब्रशने ते मिश्रण सारखं पसरतात. वर ओलसर केलेला कागद ठेवतात आणि त्याच्या पाठीवरून बारेन फिरवतात. बारेन म्हणजे वळलेल्या दोरीच्या वेटोळ्याची चपटी चकती, बांबूच्या कोंबाच्या सालीत घट्ट बांधलेली. कागद कोझो नावाच्या, तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा. त्याचे धागे लांब असतात, म्हणून ओल्या अवस्थेत वीस-तीस वेळा घासला तरी तो फाटत नाही. रंग फुटू नये म्हणून त्याला आधीच तुरटी आणि सरस यांचं पाणी दिलेलं असतं.

अशा छपाईत रंग कागदावर बसून राहत नाही, तो दाबाने धाग्यांत उतरतो. तो पारदर्शक असतो, त्यामुळे निळ्यावर पिवळा छापला की हिरवा दिसतो. एकच निळा दोनदा छापला की तो गडद होतो. पांढरा म्हणजे उघडा ठेवलेला कागद. जलरंग शिकणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी जे नियम सांगितले जातात, ते जवळपास सगळे इथे लागू आहेत.

त्यातही बोकाशी हा प्रकार तर जलरंगाच्या वॉशचा सख्खा भाऊच. आकाश माथ्याशी गडद निळं आणि क्षितिजाकडे फिकं होत जाणारं हवं असेल, तर फळीवर तशी छटा कोरता येत नाही. कोरलेला भाग सपाटच असतो. छापणारा त्या सपाट भागावर पाणी फिरवतो, वरच्या कडेला थोडासा रंग लावतो आणि ब्रशने तो पाण्यात ओढत नेतो. रंग विरत विरत नाहीसा होतो. मग कागद ठेवून घासायचं. हे प्रत्येक प्रतीसाठी नव्याने करायचं, म्हणजे दोनशे प्रतींसाठी दोनशे वेळा. हिरोशिगेसारख्या जुन्या चित्रकाराच्या आकाशांवर आपण मोहून जातो, तेव्हा ज्याचं नावही चित्रावर नसतं अशा छापणाऱ्याच्या मनगटावर मोहून जात असतो.

एदो काळात, म्हणजे १८६८ पूर्वी, या कामाची वाटणी पक्की होती. चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा फळ्या कोरायचा, छापणारा छापायचा आणि प्रकाशक पैसा, विषय आणि बाजार सांभाळायचा. चित्रकाराचं रेखाटन पातळ कागदावर असे. तो कागद पालथा करून फळीवर चिकटवत आणि त्याच्यासकट लाकूड कोरत. छापील चित्र जन्माला येताना मूळ रेखाटन नष्ट होई. त्यामुळे होकुसाई-हिरोशिगेच्या गाजलेल्या छापील चित्रांची ‘मूळ’ चित्रं शोधणं व्यर्थ आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०२० साली होकुसाईची १०३ छोटी रेखाटनं मिळवली. एका चित्रमय ग्रंथासाठी ती केलेली होती आणि तो ग्रंथ कधी छापलाच गेला नाही, म्हणून ती वाचली. छापली गेली असती तर आज आपल्याला दिसली नसती.

त्या काळच्या ठशांत हवा कमी होती असं मुळीच नाही. होकुसाईच्या ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ या १८३० च्या सुमाराच्या मालिकेत (ती लोकांना इतकी आवडली की अखेर ४६ चित्रं झाली) किंवा हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या ५५ चित्रांत ऋतू, पाऊस, बर्फ सगळं आहे. ज्या खोल निळ्या रंगासाठी ही चित्रं जगभर ओळखली जातात, तो प्रशियन निळा मूळचा बर्लिनचा. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि निसर्गचित्रांची लाटच आली. म्हणजे ‘अस्सल जपानी’ निळाईतही परदेशी पुडी होती. पण या चित्रांत सावली जवळजवळ नाही. हवा आहे, ऊन नाही. वस्तूवर एका बाजूने पडणारा उजेड, ओल्या रस्त्यावर सांडलेला दिव्याचा प्रकाश, डोंगराच्या पाठीवरची दुपार, हे सगळं पाहायला जपानी चित्रकार पुढे जलरंगातून शिकले.

चार्ल्स वर्गमन हा इंग्रज १८६१ साली योकोहामात आला. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी तो चित्रं आणि वृत्तांत पाठवायचा, आणि स्वतः जलरंगात सराईत होता. पाश्चात्त्य पद्धत शिकू पाहणारे जपानी तरुण त्याच्याकडे जाऊ लागले. कोबायाशी कियोचिकाही काही काळ त्याच्याकडे शिकला असं सांगतात. ते कितपत खरं यावर वाद असेल, पण कियोचिकाच्या स्केचबुकांतली जलरंगचित्रं उपलब्ध आहेत, आणि ती पाहिल्यावर त्याच्या ठशांचं मूळ कुठे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. १८७६ ते १८८१ या काळात त्याने टोकियोची नव्वदहून अधिक दृश्यं छापून आणली. त्यांत गॅसचे दिवे आहेत, नदीकाठची संध्याकाळ आहे, रात्रीच्या पावसात छत्र्यांखालून जाणारे लोक आहेत. काळी बाह्यरेषा, जी उकियो-एचा, म्हणजे एदो काळातल्या ठशांचा, कणा, ती त्याने अनेक ठिकाणी पुसट केली किंवा सोडूनच दिली. जानेवारी १८८१ मध्ये टोकियोतल्या र्योगोकूला मोठी आग लागली, तेव्हा तो स्केचबुक घेऊन आगीची चित्रं काढत फिरला. त्याच आगीत त्याचं स्वतःचं घर जळालं. त्या रेखाटनांवरून त्याने छापलेली आगीची चित्रं मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत थोर वाटतात. दुर्दैवाने त्यानंतर त्याने ही वाट सोडली आणि पुढची तीसेक वर्षं त्या वाटेने फारसं कोणी गेलं नाही.

या मधल्या वर्षांत जलरंगांनी मात्र जपान व्यापला. १८९० च्या सुमाराला जॉन व्हार्ली धाकटा, आल्फ्रेड पार्सन्स असे इंग्रज चित्रकार जपानात येऊन गेले. त्यांची चित्रं पाहून मियाके कोक्की या तरुणाने जलरंगांना आयुष्य वाहिलं. मियाकेची चित्रं क्योतोमध्ये योशिदा हिरोशीने पाहिली आणि तोही जलरंगांकडे वळला. असं हातातून हातात जाणं कलेच्या इतिहासात नेहमी दिसतं, पण इथे एक वळण लक्षात ठेवण्यासारखं आहे. जे इंग्रज जपानला आले, ते जपानी ठशांनी आधीच भारलेल्या युरोपातून आले होते. १८८७ साली व्हॅन गॉगने हिरोशिगेच्या पावसातल्या पुलाची तैलरंगात नक्कल केली होती. व्हिसलर, मोने यांच्या घरांत हे कागद होते. चित्राची एक बाजू मोकळी सोडणं, क्षितिज वर चढवणं, समोर एखादी फांदी आडवी कापून ठेवणं हे युरोपने ठशांकडून उचललं होतं. जपानी तरुणांना ‘नवं’ म्हणून जे मिळालं, त्यातला काही भाग त्यांच्याच आजोबांचा होता.

योशिदाने १८९९ साली नाकागावा हाचिरो या मित्राबरोबर अमेरिकेची बोट पकडली. सोबत जलरंगचित्रांची बाडं. डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, मग बोस्टनमध्ये झालं, आणि चित्रं खपली. धुक्यातली देवळं, पावसाळी गल्ल्या, संध्याकाळची भातखाचरं. ती आजही पाहावी अशी आहेत. इकडे जपानात ओशिता तोजिरोने १९०१ साली जलरंगांचं एक सोपं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि ते धडाक्याने खपलं. १९०५ मध्ये त्याने ‘मिझुए’ हे मासिक सुरू केलं. शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी रंगांची पेटी घेऊन रविवारी डोंगरांत जाऊ लागले. स्वतः ओशिताने ओझे नावाच्या दुर्गम दलदलीच्या पठारावर जाऊन चित्रं केली आणि ती मासिकातून लोकांपुढे आणली. जपानमध्ये डोंगर चढण्याची हौस आणि जलरंगांची हौस एकाच सुमाराला वाढली, हा योगायोग मला वाटत नाही. देऊळ, पूल, चहाची टपरी अशा ‘प्रसिद्ध स्थळां’पलीकडे जाऊन निर्जन पाणथळ, निनावी ओढा, ढगांत अडकलेलं शिखर हे विषय म्हणून दिसू लागले ते या रंगपेटीमुळे.

या दोन प्रवाहांना एकत्र आणलं एका प्रकाशकाने. वातानाबे शोझाबुरो जुन्या ठशांची निर्यात आणि नव्याने कोरलेल्या नकला यांच्या धंद्यात होता. जुने कारागीर अजून हयात आहेत, पण त्यांना नवं काम नाही, हे त्याला दिसत होतं. १९१५ मध्ये फ्रित्स कापेलारी हा ऑस्ट्रियन चित्रकार त्याला भेटला. वातानाबेने त्याची चित्रं ठशांत उतरवली. मागोमाग चार्ल्स बार्टलेट हा इंग्रज आला. तो भारत, सिलोन करत जपानला पोचला होता आणि त्याच्या पेटीत जलरंग भरलेले होते: बनारसचे घाट, उदयपूर, आग्रा, पेशावर. १९१६ पासून वातानाबेच्या कोरणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी ही भारताची दृश्यं चेरीच्या लाकडात उतरवली. भारतातलं ऊन ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी ते एका इंग्रजाच्या जलरंगांवरून छापलं, आणि पुष्कळ ठिकाणी अचूक छापलं. जलरंगातली हवा लाकडात टिकते, याचा दाखला वातानाबेला मिळाला. नव्या ठशांची जी चळवळ शिन-हांगा या नावाने ओळखली जाते, तिची निसर्गचित्रं या पायावर उभी राहिली.

तिचा सर्वांत मोठा निसर्गचित्रकार कावासे हासुई. इतो शिन्सुईची ‘ओमीची आठ दृश्यं’ पाहून तो ठशांकडे वळला आणि १९१८ मध्ये त्याचे शिओबाराचे पहिले तीन ठसे निघाले. पुढच्या चाळीस वर्षांत त्याने सहाशेच्या वर चित्रं दिली. तो सतत फिरायचा. दिवसा पेन्सिलने रेखाटायचं, जलरंग लावायचे, काही रंग संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी आठवणीने भरायचे. घरी आल्यावर निवडक स्केचवरून ठशाच्या आकाराचं स्वच्छ जलरंगचित्र करायचं. इथपर्यंत तो कोणत्याही जलरंगकारासारखाच. खरा फरक यापुढे पडतो.

त्या जलरंगचित्रावरून रेषांचं रेखाटन होतं, ते फळीवर चिकटवून मुख्य ठसा कोरला जातो. या ठशाच्या काळ्या रेषांच्या प्रती काढतात. मग चित्रकार एकेका रंगासाठी एकेक प्रत घेतो आणि तो रंग कुठे कुठे येणार ते लाल रंगाने दाखवतो. या टप्प्याला मी पुन्हा पुन्हा येतो, कारण माझ्या मते सगळी कला इथे पणाला लागते. जलरंगात डोंगराची सावली एका ओल्या फटक्यात येते, आणि त्या फटक्यात निळा, करडा, थोडा जांभळा असे सगळे रंग मिसळलेले असतात. ठशासाठी तो फटका उकलावा लागतो. त्यात किती थर आहेत? आधी कोणता? करड्याचा थर खाली घालायचा की वर? कडा कुठे तीक्ष्ण आणि कुठे विरलेली? कुंचला हातात असला की या प्रश्नांची उत्तरं हाताला आपोआप सापडतात, किंवा पाणी देऊन टाकतं. ठशात प्रत्येक उत्तर शब्दांत, खुणांत, फळ्यांच्या संख्येत द्यावं लागतं. त्या खुणांप्रमाणे फळ्या कोरल्या जातात. प्रत्येक फळीवर एक कोपरा आणि एक कड अशा दोन खाचा ठेवतात. त्यांना केंतो म्हणतात. कागद त्या खाचांत बसवला की पंचविसावा रंगही पहिल्याच्या शेजारी नेमका बसतो. शेवटी चाचणीच्या प्रती काढून चित्रकार, छापणारा आणि प्रकाशक एकत्र बसतात, रंग कमीजास्त करतात.

पडतं बर्फ घ्या. जलरंगात शेवटी पांढऱ्या रंगाचे ठिपके उडवून काम भागवता येतं. पारदर्शक ठशात पांढरं म्हणजे कागद, त्यामुळे एक कण कागदाइतका शुभ्र हवा असेल तर त्या जागेवर येणाऱ्या प्रत्येक फळीतून तो वगळायला हवा, तोही केसभर न सरकता. हासुईच्या बर्फाच्या चित्रांतली शांतता या असल्या हिशेबातून आलेली आहे. वातानाबेने आणखी एक शहाणपण केलं. बारेनच्या फिरण्याचे वळसे जुने छापणारे लपवत असत. त्याने काही चित्रांत ते मुद्दाम दिसू दिले. ढगाळ आकाशात हे अर्धवट वळसे दिसतात तेव्हा जलरंगाच्या खरबरीत कागदावर ओढलेल्या कोरड्या कुंचल्याची आठवण येते, पण ती नक्कल नव्हे. तो लाकडाचा आणि हाताचा स्वतःचा पोत आहे.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त केलं. वातानाबेचं दुकान, फळ्या, छापील साठा सगळं गेलं. हासुईची १८८ स्केचबुकं जळाली. जलरंग आणि ठसा यांचा संबंध काय, याचं याहून क्रूर उत्तर नसेल. फळ्या गेल्या तर स्केचवरून पुन्हा कोरता येतात. स्केचबुकंच गेली तर पुन्हा चालायला लागावं लागतं. हासुई तसाच निघाला. काही आठवड्यांतच तो १०२ दिवसांच्या प्रवासाला गेला आणि नव्या स्केचबुकांतून नवी चित्रं आणली. त्यांतला रंग आधीपेक्षा उजळ आहे. काही जाणकारांना भूकंपापूर्वीचा गंभीर हासुई अधिक प्रिय आहे, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

योशिदाचेही वातानाबेने छापलेले मोजकेच ठसे होते, त्यांच्याही फळ्या याच आगीत गेल्या. वर्षअखेरीस तो पत्नी फुजिओबरोबर (तीही उत्तम जलरंगकार होती) वाचलेली चित्रं विकायला अमेरिकेला गेला. तिथे त्याला दिसलं की लोक ठसे मागत आहेत, आणि सुमार ठशांनाही गिऱ्हाईक आहे. १९२५ मध्ये परतला तो ठरवूनच. वय एकोणपन्नास. जलरंग आणि तैलरंगांत नाव कमावलेल्या माणसाने स्वतःची ठशांची कार्यशाळा काढली. कोरणारे, छापणारे नेमले, पण सूत्रं स्वतःच्या हातात. चित्रकाराला या दोघांच्या कामातलं त्यांच्याहून अधिक कळलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या देखरेखीखाली झालेल्या ठशांवर कडेला ‘जिझुरी’ हा शिक्का असतो, म्हणजे स्वतः छापलेलं.

जुन्या ठशांत दहा-वीस वेळा छपाई पुरत असे. योशिदा तीसच्या वर सहज जाई. निक्कोच्या योमेइमोन दरवाजाच्या १९३७ च्या चित्रासाठी ९६ वेळा कागद दाबला गेला. करड्या रंगाचे पातळ थर खाली घालून वर रंग चढवायचे, म्हणजे सावलीतही रंग जिवंत राहतो, ही जलरंगकाराची युक्ती त्याने लाकडात आणली. मला त्याचे काही ठसे अति कष्टाचे वाटतात. योमेइमोन पाहताना कौतुक वाटतं, श्वास मात्र मोकळा होत नाही. याउलट होड्यांची मालिका किंवा जपानी आल्प्सची १९२६ ची बारा दृश्यं पाहिली की वाटतं, हे जलरंगाला जमलं नसतं आणि जुन्या उकियो-एलाही जमलं नसतं. जलरंगात प्रहर बदलला की चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं, आणि रेघ जराशी का होईना हलते. ठशात रेघ स्थिर राहते, त्यामुळे फक्त उजेडाचा बदल नजरेत भरतो. इथे ठशाने जलरंगाचं ऋण व्याजासकट फेडलं.

योशिदा १९३० च्या अखेरीस थोरल्या मुलाला, तोशीला, घेऊन भारतात आला. त्या प्रवासातून ‘भारत आणि आग्नेय आशिया’ ही ३२ ठशांची मालिका झाली. कांचनजंगा, बनारस, ताजमहाल, अमृतसर यांच्याबरोबर तिच्यात अजिंठा आणि वेरूळही आहेत. मराठी वाचकाने ही चित्रं जरूर शोधावीत. लेण्याच्या आतला काळोख आणि बाहेरून येणारा उजेड हा कोणत्याही जलरंगकाराची परीक्षा पाहणारा विषय, आणि तो इथे थरांवर थर दाबून साधलेला आहे.

आपल्याकडच्या गोष्टीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. जो इंग्रजी जलरंग योकोहामात उतरला तोच मुंबईतही उतरला. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतून हळदणकर, आचरेकर यांच्यासारखे जलरंगांवर हुकमत असलेले चित्रकार झाले. छपाईही इथे होती. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना १८९४ चा. पण तो शिळाछाप होता, विषय देवदेवता आणि पुराणप्रसंगांचे होते, निसर्ग मागच्या पडद्यावर राहिला. घाटातलं धुकं किंवा कोकणातली खाडी जलरंगात रंगवणाऱ्या चित्रकाराला कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक एकत्र आणून देणारा वातानाबे मिळाला नाही. ती जलरंगचित्रं एकेकट्या प्रतीत, संग्राहकांच्या भिंतींवर राहिली.

जपानमध्येही जे ठशांकडे वळले नाहीत त्यांचं थोडंफार हेच झालं. हासुईचं नाव जगभर आहे. त्याचा झोजोजी देवळाचा १९२५ चा बर्फातला ठसा कॅलेंडरांवर सुद्धा असतो. १९५३ मध्ये त्याच देवळाच्या दुसऱ्या हिमचित्रासाठी सरकारी समितीने प्रत्येक टप्प्याची नोंद करून ठेवली, कारण कारागिरीची ही परंपराच राष्ट्राचा ठेवा मानली गेली. पण ओशिता तोजिरोचं नाव जपानबाहेर किती जणांना ठाऊक असतं? तो १९११ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. ज्या नजरेने पुढे हासुई आणि योशिदा पाहत होते, ती नजर घडवणाऱ्यांत तो होता. त्याची चित्रं एकेकच आहेत, फार फिरत नाहीत, जुना कागद उजेडाला भितो. ठशाच्या शेकडो प्रती जगभर पोचल्या, म्हणून आपल्याला जपानी निसर्गचित्र म्हटलं की ठसा आठवतो.

आता जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी आपले जपानी ठसे संकेतस्थळांवर ठेवले आहेत, हवे तितके मोठे करून पाहता येतात. हासुईचा एखादा ठसा उघडाल तेव्हा आधी आकाशाच्या वरच्या कडेकडे पाहा, जिथे रंग पाण्यात विरायला सुरुवात होते. मग कागद कुठे कोरा राखला आहे ते शोधा. आणि त्याच बैठकीत ओशिता, मियाके किंवा तरुण योशिदा यांचं एखादं जलरंगचित्रही उघडा. ठशांवर प्रेम करणाऱ्यांनी या मंडळींना विसरू नये, एवढीच विनंती.